कासवाने शिकविलेली भाषा

पोहावयास शिकावयाचे असेल, तर पाण्यात उतरावे लागते. काठावर बसून पोहण्याचे नियम कितीही पाठ केले, तरी हातपाय चालू लागत नाहीत. संगणकाला आज्ञा देण्याच्या भाषेचेही तसेच आहे. तिचे शब्द थोडे आणि नियम सोपे असतात. परंतु ती अवगत होते, ती काहीतरी करून पाहिल्यानेच.

हे मर्म सेमूर पॅपर्ट या गणितज्ञाने फार लवकर ओळखले. त्यांचा जन्म इ. स. १९२८ मध्ये दक्षिण आफ्रिकेत झाला. लहानपणी त्यांना दातेरी चाकांचे विलक्षण वेड होते. एक चाक फिरविले की दुसरे किती फिरते, हे न्याहाळता न्याहाळता त्यांना गुणाकार आणि समीकरणे उमगली. मोठेपणी ते अमेरिकेतील केंब्रिज या शहरी आले. तेथे इ. स. १९६७ मध्ये त्यांनी सिंथिया सॉलोमन व इतर सहकाऱ्यांसह मुलांसाठी एक भाषा तयार केली. तिचे नाव 'लोगो'. त्या काळी संगणक मोठमोठ्या संस्थांतच आढळत. असे मौल्यवान यंत्र मुलांच्या हाती द्यावे, ही कल्पनाच अनेकांना नवलाची वाटे.

पुढे १९७० च्या सुमारास या भाषेला एक सोबती मिळाला. तो म्हणजे जमिनीवर चालणारे एक यांत्रिक कासव! त्याच्या पोटाशी लेखणी बसविलेली असे. 'पुढे जा' म्हटले की ते पुढे जाई, 'उजवीकडे वळ' म्हटले की वळे, आणि त्याच्या वाटेची रेषा कागदावर उमटे. नंतर हेच कासव संगणकाच्या पडद्यावर अवतरले.

हा खेळ संगणकावाचूनही खेळता येतो. एका मुलाने डोळे मिटून अंगणात उभे राहावे. तो झाला कासव. दुसऱ्याने आज्ञा द्याव्यात : 'पुढे दहा पावले, उजवीकडे ९० अंश.' ही जोडी चार वेळा सांगितली की चौरस पुरा होतो आणि कासव मूळ जागी येते.

आता समभुज त्रिकोण काढावयाचा आहे. त्याचा प्रत्येक कोन ६० अंशांचा असतो; म्हणून आज्ञा देणारा मुलगा तीनदा सांगतो, 'पुढे दहा पावले, उजवीकडे ६० अंश.' कासव निमूटपणे तसे करते. पण आकृतीचे तोंड उघडेच राहते! चुकले कोठे? कासव सरळ चालत असते. त्याला त्रिकोणाच्या आतील कोनाइतके नव्हे, तर आपल्या चालण्याच्या दिशेपासून वळावे लागते. आणि ते वळण १२० अंशांचे असते. हे स्वतः चालून पाहिले की लगेच ध्यानात येते. मौज अशी, की ती चुकलेली आज्ञा तीनऐवजी सहा वेळा दिली, तर सुबक षट्कोन तयार होतो. चौरस असो, त्रिकोण असो वा षट्कोन असो, कासव मूळ जागी, मूळ दिशेला तोंड करून येते, तेव्हा त्याच्या वळणांची बेरीज ३६० अंशच भरते.

इ. स. २००७ मध्ये त्याच शहरातील मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेत मिचेल रेझनिक यांच्या गटाने 'स्क्रॅच' ही भाषा मुलांसाठी खुली केली. तिच्यात आज्ञा लिहाव्या लागत नाहीत. रंगीत ठोकळे एकात एक अडकवून त्या रचावयाच्या असतात. तिच्यातून मुले स्वतःचे खेळ तयार करतात.

समजा, मांजर आणि उंदीर यांचा खेळ रचावयाचा आहे. 'मांजर उंदराला शिवले, तर खेळ थांबव,' असा ठोकळा एक मुलगी लावते आणि हिरव्या निशाणावर टिचकी मारते. मांजर धावते, उंदराला गाठते. तरी खेळ चालूच! कारण संगणकाने आरंभी एकदाच पाहिले. तेव्हा मांजर दूर होते. त्याचे काम तेथेच संपले. रात्री एकदाच दार पाहून झोपी जाणाऱ्या पहारेकऱ्यासारखी ही गत झाली. मुलगी तो ठोकळा 'सतत' या ठोकळ्याच्या कुशीत ठेवते. आता संगणक पुन्हा पुन्हा पाहू लागतो आणि खेळ नेमका थांबतो. मग ती मांजराचा वेग वाढवून पाहते, आणखी एक उंदीर आणते. दुसऱ्यांनी केलेले खेळ उघडून त्यांत असे बदल करून पाहणे, हीदेखील शिकण्याची एक उत्तम रीत आहे.

संगणक रागावत नाही, तसेच मनातले ओळखतही नाही. जे सांगितले, तेवढेच तो करतो. म्हणून आज्ञा फसली, तर स्वतःचाच विचार पुन्हा तपासावा लागतो. मुलाने यंत्राचे ऐकत बसू नये, तर यंत्राला शिकवावे, अशी पॅपर्ट यांची धारणा होती. इ. स. २०१६ मध्ये ते निवर्तले. परंतु आजही एखादे मूल पडद्यावरील उघडा त्रिकोण पाहून खट्टू होण्याऐवजी उठते, अंगणात चार पावले चालून पाहते आणि हसत परत येते. त्या क्षणी ते नुसती संगणकाची भाषा शिकत नसते. आपली चूक आपणच शोधावयास शिकत असते.