नाशिक-दिल्ली अंतर ९९० किमी, मग विमानाला दोन तास का लागतात?

ओझर ते दिल्ली हे अंतर सरळ रेषेत सुमारे ९९० किलोमीटर आहे. ताशी ८०० किलोमीटर वेग धरला तर सव्वा तास पुरायला हवा. तिकिटावर मात्र साधारण दोन तास दिसतात.

कारण ती वेळ फक्त हवेतली नसते. विमान ओझरच्या पार्किंगमधून हलल्यापासून दिल्लीत पुन्हा उभे राहीपर्यंतचा काळ त्यात धरतात. धावपट्टीपर्यंत जाताना, चढताना, उतरताना पूर्ण वेग मिळत नाही. ठरलेला हवाई मार्गही सरळ नसतो. शिवाय दिल्लीत गर्दी असली, की उतरण्यासाठी घिरट्या आल्याच.

नाशिककरांचा खरा हिशेब जमिनीवरचा. मुंबई-दिल्ली हवाई अंतर सुमारे ११४० किलोमीटर, म्हणजे हवेत फरक दहा-बारा मिनिटांचाच. पण ओझर शहरापासून २० किलोमीटरवर, तर मुंबई विमानतळ सुमारे १७० किलोमीटरवर. तिथे पोहोचायलाच तीन-चार तास जातात. त्यामुळे मुंबईचे तिकीट स्वस्त दिसले, तरी आधी त्यात टॅक्सीभाडे मिळवून पाहा.

ओझरची एक अडचण मात्र आहे. इथून फेऱ्या मोजक्याच. विमान रद्द झाले, तर पुढच्यासाठी दुसरा दिवस उजाडू शकतो. दिल्लीत परीक्षा किंवा कोर्टाची तारीख असेल, तर आदल्या दिवशीचेच तिकीट काढलेले बरे.