आधी केबल काढा

मार्च संपत आला आहे. हळदीच्या कट्ट्यांनी लादलेले टेम्पो वसमतच्या मोंढ्याकडे रांगेने चालले आहेत आणि त्यांच्या मधून वाट काढत दोघे जण एक काळी बुलेट ढकलत आणत आहेत. पुढे हँडल धरलेले टोपीवाले मामा, मागून जोर लावणारा त्यांचा पुतण्या. गॅरेजसमोर गाडी उभी करून मामा आधी घाम पुसतात, मग बोलतात.

"मिस्त्री, किकच घेईना बगा. गार असली का कशीबशी चालू होती. जरा फिरवून आणली, बंद केली, का मेली."

"अन् चढाला दम नाही," पुतण्या भर घालतो. "एकानं सांगितलं, हेड उतरवा. व्हॉल्व्ह गेले असतील, नाहीतर रिंगा."

मिस्त्री काहीच विचारत नाहीत. चावी बंद आहे, गाडी न्यूट्रलला आहे, एवढे बघतात आणि उजवीकडे बसून किकच्या पेडलवर तळहात ठेवतात. हलकेच दाबतात. पेडल कुठेही न अडता खाली जाते आणि सायलेन्सरमधून फुस्स आवाज येतो. पुन्हा दाबतात. पुन्हा तेच. धडधाकट बुलेटची किक अशी हाताने जात नाही. ७० मिलिमीटर बोअर, ९० मिलिमीटर स्ट्रोक, ३४६ सीसीचा एकच सिलिंडर. त्यात कोंडलेली हवा माणसाचे वजनसुद्धा काही क्षण पेलून धरते.

"कॉम्प्रेशन नाहीच," पुतण्या म्हणतो. त्याच्या आवाजात खर्चाचा हिशेब सुरू झालेला ऐकू येतो.

मिस्त्री उठून डाव्या बाजूला येतात. क्लचच्या लिव्हरखाली एक छोटी लिव्हर आहे, ती बोटाने ओढून बघतात. ओढायला काही जागाच नाही, पहिल्यापासून ताठ. तिच्यापासून निघालेली केबल टाकीखालून इंजिनाच्या उजव्या अंगाला उतरते. मिस्त्री तिच्यावरून बोट फिरवत खालपर्यंत येतात.

"मामा, ही केबल कवा टाकली?"

"संक्रांतीच्या टायमाला. जुनी तुटली होती. गावातच टाकून घेतली. म्याच म्हणलं, टाईट बसव बाबा, लिव्हर खडखड करायली."

मिस्त्री पक्कड घेऊन केबलचे खालचे टोक तिच्या खोबणीतून सोडवतात. इंजिनावरचा इवलासा दांडा टक्कन मागे जातो. पुन्हा तळहात किकवर. या वेळी पेडल थोडे खाली येते आणि अडते. मिस्त्री उभे राहतात, एक पाय पेडलवर ठेवून सगळे अंग त्यावर सोडतात. पेडल त्यांना तोलून धरते आणि मग सावकाश, नाइलाजाने खाली जाते.

"दमा, एवढ्यात हेडला हात लावायचा नाही," ते म्हणतात.

पुतण्या वाकून बघतो. एवढ्याशा तारेने इंजिनाची हवा घालवली, हे त्याला पटत नाही. मिस्त्री कापडावर हात पुसत समजावतात. या दांड्याचे काम एकच, एक्झॉस्टचा व्हॉल्व्ह जरासा उचलून धरायचा. व्हॉल्व्ह उचलला की आतली कोंडलेली हवा सायलेन्सरमधून निघून जाते आणि पिस्टन हलका होतो. किक मारण्याआधी पिस्टन नेमक्या जागी आणण्यापुरतीच ती सोय. केबल ताणून बांधली की व्हॉल्व्ह कायमचाच किंचित उघडा राहतो. मग हवा दाबलीच जात नाही, ताकद गळते आणि त्या फटीतून जळता वायू निसटत राहिला की व्हॉल्व्हची कड जळते. म्हणजे आणखी काही महिने असेच चालवले असते, तर हेड खरोखरच उतरवावे लागले असते.

मामांच्या डोक्यात लख्ख प्रकाश पडतो. "म्हणजे आपल्या विहिरीवरच्या किर्लोस्करवानी! हँडल मारताना वरची खिट्टी उचलायची, चाकानं वेग धरला का सोडून द्यायची."

"तेच ते."

सिद्धेश्वर धरणाच्या कालव्याचे पाणी जिथे पोचले नाही आणि वीज पोचली तरी टिकली नाही, त्या रानांत डिझेल इंजिनाला हँडल मारूनच मामांची पिढी मोठी झाली आहे. जड चाक आधी मोकळ्या हवेत फिरवायचे आणि गती आली की खिट्टी टाकायची, हे त्यांच्या दंडांना पाठ आहे. गाडीची गोष्ट त्यांना आता वेगळी समजावून सांगावी लागत नाही.

काम लगेच सुरू होत नाही. गाडी उन्हात ढकलत आणलेली आणि इंजिन त्याआधीच रस्त्यावर तापलेले. केबल पुन्हा लावण्याआधी व्हॉल्व्हचे टॅपेट बघायचे आहेत, आणि ते गार इंजिनावरच बघायचे असतात. गॅरेजमधले पोरगे चहा आणायला पळते. बाकड्यावर बसून हे सगळे बघणारा मी सरकून मामांना जागा देतो. गाडीची पाटी अजून एमएच २२ ची, परभणीची. १ मे १९९९ ला हिंगोली वेगळा जिल्हा झाला आणि पुढे नव्या गाड्यांना एमएच ३८ मिळू लागला. ही त्याच्या आधीची. हिचा मूळ आराखडा तर त्याहून किती तरी जुना, इंग्लंडातल्या रेडिचचा. १९५५ मध्ये मद्रास मोटर्सच्या भागीदारीतून एन्फिल्ड इंडिया उभी राहिली, तिरुवोट्टियूरला कारखाना झाला आणि बिडाच्या सिलिंडरचे ते इंजिन थोडेफार बदलत पुढची पन्नासाहून अधिक वर्षे निघत राहिले. ही छोटी लिव्हरही त्याच्याबरोबर आली.

चहा संपतो. मिस्त्री सिलिंडरला हात लावून बघतात आणि उजव्या बाजूचे टॅपेटचे झाकण उघडतात. आत दोन दांड्या उभ्या आहेत. किक हळूहळू दाबत पिस्टन कॉम्प्रेशनच्या टोकाला आणतात, म्हणजे दोन्ही व्हॉल्व्ह बंद. मग एकेक दांडी चिमटीत धरून फिरवतात.

"बघ रे," ते पोराला म्हणतात, "बोटानं फिरली पाहिजे, पण वर-खाली हलली नाही पाहिजे."

इनलेटची फिरते. एक्झॉस्टची जरा जड. मिस्त्री टॅपेटचे पातळ पाने काढतात. त्या अरुंद जागेत साधा पाना बसतच नाही. एकाने धरायचे, दुसऱ्याने फिरवायचे, तिसऱ्याने नट आवळायचा. आवळताना सेटिंग हलते, म्हणून आवळून पुन्हा चिमटीत धरायचे. दोनदा खोलतात, तिसऱ्यांदा दांडी हवी तशी फिरते. पोरगे स्वतःच्या बोटांनी फिरवून बघते आणि मान डोलावते.

"आता केबल. टॅपेटला हात लावला का केबल परत बघायचीच."

अ‍ॅडजस्टरचा नट ढिला करून तो पूर्ण आत घेतात, केबलमध्ये तेलाचे थेंब सोडतात, टोक पुन्हा खोबणीत अडकवतात. आता केबल लोंबते आहे. अ‍ॅडजस्टर थोडा थोडा बाहेर काढत ते दुसऱ्या हाताने वरची लिव्हर चाचपत राहतात. लिव्हर आधी थोडी रिकामी चालली पाहिजे, नंतर तिला खालचा दांडा लागला पाहिजे, आणि पूर्ण दाबल्यावर किक फुस्स करत खाली गेली पाहिजे. ती रिकामी चाल संपवायची नसते. मामांनी ज्या खडखडीला दोष दिला होता, तीच नेमकी राखायची आहे.

"खडखड करू द्या, मामा. खडखड म्हणजे व्हॉल्व्ह बंद बसलाय."

नट आवळतात. मग हँडल पूर्ण डावीकडे, पूर्ण उजवीकडे वळवून दोन्हीकडे लिव्हरची ढील तपासतात. सरळ हँडलला बरोबर असलेली केबल वळणावर ओढली जाऊ शकते. डावीकडे वळवल्यावर ढील कमी होते. मिस्त्री टाकीखालचा एक चिमटा सोडून केबल जरा मोकळ्या वाटेने घेतात. पुन्हा दोन्हीकडे वळवतात. आता ठीक.

"या मामा, तुमच्या पायानं."

मामा चप्पल नीट करून गाडीवर बसतात. चावी फिरवतात. अँपिअर मीटरचा काटा वजाकडे कलतो. किक सावकाश दाबतात, ती अडते. डाव्या हाताने लिव्हर ओढतात, किक बोटभर पुढे सरकवतात, काटा मधोमध येऊन थांबतो. लिव्हर सोडतात, किक वर येऊ देतात आणि एकच लांब, पूर्ण लाथ. गाडी उलटी मारत नाही. इंजिन धरते आणि सावकाश, मोजून पडणारे ठोके गॅरेजभर घुमतात. चालू गाडीवर मिस्त्री पुन्हा हँडल इकडून तिकडे वळवतात. ठोक्यात फरक पडत नाही.

पुतण्याची नजर कोपऱ्यातल्या नव्या बुलेटवर आहे. "हिला ही भानगडच नाही. बटन दाबलं का चालू."

"भानगड हाय, आत लपवलीय," मिस्त्री म्हणतात. २०१० च्या आसपास बिडाचे इंजिन बंद होऊन नवे आले, त्यात एक्झॉस्टच्या कॅमवरच छोटे वजन आणि स्प्रिंग आहे. चालू करताना इंजिन हळू फिरते तेव्हा ते व्हॉल्व्ह आपोआप किंचित उचलते, आणि वेग आला की बाहेर फेकले जाऊन बाजूला होते. केबल नाही, लिव्हर नाही, म्हणून चुकीची ताणायची सोयही नाही.

मामा खिशात हात घालतात. मिस्त्री टॅपेटचे आणि केबलचे पैसे सांगतात. मामांना ते इतके कमी वाटतात की घासाघीस करायचे राहून जाते. हेडच्या हिशेबाने ते घरून निघाले होते.

"एवढंच?"

"एवढंच काम होतं. अन् परत कोणी हेड खोला म्हणलं, तर आधी केबल काढून किक दाबून दाखव म्हणावं. तरीबी खाली गेली, तर मग खोला."

पुतण्या मागे बसता बसता विचारतो, केबल काढायला पक्कड कोणती लागते. मिस्त्री त्याला उतरवतात, गाडी बंद करायला लावतात आणि पक्कड त्याच्याच हातात देतात.