निफाडच्या बागेतल्या शेकोट्या

डिसेंबरअखेर निफाडचा पारा पाच अंशांखाली उतरला की मुंबई-पुण्यात स्वेटर बाहेर निघतात. निफाडचा द्राक्ष बागायतदार मात्र पहाटेच्या अंधारात बॅटरी घेऊन बागेत शिरतो. ऑक्टोबरच्या गोडी छाटणीनंतर धरलेले घड तेव्हा ऐन फुगवणीत असतात. थंडीने मुळांचं काम मंदावतं, मणी फुगायचे थांबतात आणि पाणी उतरू लागलेल्या बागेत तडकायलाही लागतात. वर्षाची कमाई त्या घडांत असते.

मग ठिकठिकाणी शेकोट्या पेटतात. धुराचं पांघरूण बागेला थंडीपासून राखतं, अशी समजूत आहे. पण निरभ्र रात्री जमीन आपली उष्णता अवरक्त किरणांच्या रूपात आकाशाकडे सोडत असते. ढग हे किरण अडवतात. धुराचे कण इतके बारीक असतात की किरण त्यांतून जवळजवळ सहज पार होतात. उलट सूर्य उगवल्यावरही धूर साचून राहिला तर ऊन अडतं आणि बाग उशिरा तापते.

तरीही शेकोटी कामाची आहे, ती तिच्या उबेमुळे. वारा पडलेल्या रात्री सर्वांत गार हवा जमिनीलगत असते आणि काही मीटर वर तिच्याहून उबदार थर असतो. लहान शेकोटीची गरम हवा त्या थरापर्यंत चढून तिथेच थबकते; खालची-वरची हवा मिसळते आणि घडांभोवतीचं तापमान थोडं वाढतं. मोठा जाळ केला तर गरम हवा तो थर भेदून निघून जाते आणि तिच्या जागी बाजूची गार हवा बागेत ओढली जाते. म्हणून एका होळीपेक्षा विखुरलेल्या लहान शेकोट्या बऱ्या. ओला पाला जाळून धूर काढण्यात तर काहीच हशील नाही.

पहाटे विहिरीचं पाणी सोडणं हा दुसरा उपाय, आणि मला तो अधिक भरवशाचा वाटतो. भूगर्भातलं पाणी हवेपेक्षा बरंच उबदार असतं. शिवाय ओली जमीन दिवसाची उष्णता जास्त साठवते आणि रात्री ती पृष्ठभागापर्यंत पोचवते. फ्लोरिडात स्ट्रॉबेरीवर चक्क फवारे सोडतात: एक ग्रॅम पाणी गोठताना 80 कॅलरी उष्णता सोडतं, त्यामुळे बर्फात गुरफटलेलं फळ शून्याच्या आसपास टिकतं. मात्र बर्फ वितळेपर्यंत फवारा थांबवता येत नाही. निफाडला हे करू नये. पारा सहसा शून्याच्या वरच राहतो आणि भिजलेल्या घडांवर बुरशी येते. इथे पाणी ड्रिपने मुळांनाच द्यावं.