घरातील पहारेकरी

ग्वाल्हेरच्या लष्कर भागात, जयेंद्रगंजात, ज्यांनी एखादा तरी उन्हाळा काढला आहे, त्यांना ज्येष्ठातील दुपारचे वर्णन सांगावयास नको. पारा ४५ अंशांच्या पुढे जातो, रस्ते ओस पडतात आणि माणसे दारे-खिडक्या लावून आत बसतात. अशाच एका दुपारी आमच्या घरातील ए. सी. एकाएकी थांबला. दिवे, पंखे चालूच होते. विजेची पेटी उघडून पाहिली, तो एक एम. सी. बी. पडलेला. तो वर केला. पाऊण तासाने पुन्हा पडला. चार दिवस हाच खेळ चालला.

पाचव्या दिवशी ओळखीचा एक कारागीर आला. "१६ च्या जागी ३२ चा बसवून देतो, मग पडायचे नाव घेणार नाही," असे त्याने आश्वासन दिले. उकाड्याने जीव इतका कासावीस झाला होता, की आमच्या तोंडून होकार निघणारच होता. परंतु घरातील आजींनी परवानाधारक वायरमनला बोलावण्याचा आग्रह धरला. ते वयस्क गृहस्थ आले, तेव्हा आम्ही विचारले, "काका, ३२ चा लावला तर काय बिघडेल?" ते शांतपणे म्हणाले, "याला काही होणार नाही. पण भिंतीतली तार जळेल आणि हा गप्प बसून पाहील."

या एका वाक्यात सारे शास्त्र आले. एम. सी. बी. हा यंत्राचा रखवालदार नव्हे, तो तारेचा पहारेकरी आहे. पूर्वी हे काम फ्यूजची तार करीत असे. १९२४ साली जर्मनीतील मान्हाइम येथे हुगो स्टोट्झ यांच्या कारखान्यातील अभियंते हाइनरिश शाख्टनर यांनी पुन्हा पुन्हा वापरता येईल अशा स्वयंचलित खटक्याचे पेटंट घेतले. आपल्या पेटीतील एम. सी. बी. त्याचाच वंशज होय. त्याच्या पोटात दोन पहारेकरी असतात. दोन धातूंची जोडपट्टी तापून वाकली, की जास्त भाराचा प्रवाह तुटतो. आणि तारा एकमेकींना भिडून प्रवाह एकदम उसळला, तर विद्युतचुंबक क्षणार्धात खटका पाडतो. घरात सामान्यतः अडीच चौरस मिलिमीटरच्या तांब्याच्या तारेवर १६ अँपिअरचा एम. सी. बी. असतो. तेथे ३२ चा बसविला, तर ४० अँपिअरचा प्रवाहही तो बराच वेळ बिनतक्रार वाहू देईल. आग लागते ती अशी.

मग आमचा एम. सी. बी. का पडत होता? दीड टनाचा ए. सी. सात-आठ अँपिअरच घेतो. काकांनी पेटी उघडून दाखविले: तारेचा स्क्रू सैल झाला होता, तेथे ठिणग्या उडून तारेचे आवरण तपकिरी पडले होते आणि एम. सी. बी. ची कड वितळली होती. सैल जोडाची उष्णता जोडपट्टीला पोहोचे. त्यात पेटी पश्चिमेच्या तापलेल्या भिंतीवर. आणि हे उपकरण मुळात ३० अंश तापमान धरून जुळविलेले असते. म्हणून वाचकांनी प्रथम हे ध्यानात घ्यावे, की पडणारा एम. सी. बी. नेहमीच बिघडलेला नसतो. त्या वाटेवरील सर्व यंत्रे काढूनही तो तत्काळ पडत असेल, तर दोष बहुधा तारेत आहे. तो पुन्हा पुन्हा जबरीने वर करू नये.

आमचा मात्र बदलावाच लागला. काकांनी तो कसा बदलला, हे प्रत्येक गृहस्थाने जाणून घेण्याजोगे आहे.

प्रथम त्यांनी मीटरजवळचा स्विच बंद केला. पेटीतील मुख्य स्विच पाडल्याने पेटी मृत होत नाही. मीटरकडून येणारी तार त्याच्या मुखापर्यंत जिवंतच राहते. मग इन्व्हर्टर बंद केला, कारण बाहेरची वीज गेली तरी तो आतून वीज पुरवितो. स्विचपाशी घरातील एकास उभे केले, कोणी अजाणता तो चालू करू नये म्हणून. टेस्टर प्रथम जिवंत जागी, मग पेटीत, मग पुन्हा जिवंत जागी लावून पाहिला; टेस्टरच बिघडला असेल, तर नुसत्या न पेटलेल्या दिव्यावर विसंबणे प्राणघातक ठरते. त्यानंतर मीटरने प्रत्येक तार न्यूट्रल व अर्थिंगशी तपासली.

नवा एम. सी. बी. त्याच अँपिअरचा, त्याच 'सी' प्रकारचा, त्याच बनावटीचा आणि आय. एस. आय. चिन्हाचा होता, निराळी बनावट तांब्याच्या सामाईक पट्टीवर नीट बसत नाही. करपलेले टोक कापून ताजे तांबे काढले, ते पूर्ण आत घातले, आवरण स्क्रूखाली येऊ दिले नाही, आणि कसल्यावर तार ओढून पाहिली. शेजारचे स्क्रूही कसले. वीज सुरू केल्यावर अर्ध्या तासाने जोड तापत नाही, याची खात्री करूनच ते निघाले.

निघताना त्यांनी आणखी एक गोष्ट सांगितली. एम. सी. बी. माणसाला झटक्यापासून वाचवीत नाही. १६ अँपिअरच्या कितीतरी खाली, एक अँपिअरच्या दहाव्या हिश्श्यानेही माणूस दगावू शकतो. त्यासाठी ३० मिलिअँपिअरचा आर. सी. सी. बी. हवा, आणि त्यावरील चाचणीचे बटण अधूनमधून दाबून पाहावे.

केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या २०२३ च्या सुरक्षाविषयक विनियमांनुसार दिवा, पंखा, फ्यूज, स्विच यांसारखी वस्तू क्षमता न बदलता बदलण्याची मुभा आहे. त्यापलीकडचे काम परवानाधारकाचेच. आमचा सल्ला असा, की पेटीचे झाकण वायरमननेच काढावे. पण तो काय करीत आहे, हे समजण्याइतके ज्ञान घरच्या माणसांना असावे. कोणी ३२ चा लावून देतो म्हणाला, तर "नको" म्हणता यावे.

आमच्या आजी ते म्हणू शकल्या. त्यांना अँपिअर ठाऊक नव्हता. परंतु ओरडणाऱ्या पहारेकऱ्याचे तोंड बांधून कोणी सुखाने झोपत नाही, एवढे त्यांना पक्के ठाऊक होते.