नाकाने ओळखलेला वसंत

वसंत व्याख्यानमालेत वसंतावर क्वचितच कोणी बोलतो. मी आज बोलणार आहे. पण हा वसंत डोळ्यांनी पाहिलेला नव्हे.

हेलन केलर हे नाव आपण ऐकलेले असते. अमेरिकेत, अलाबामातील टस्कंबिया गावी १८८० साली ती जन्मली. एकोणीस महिन्यांची असताना आजारात तिचे डोळे गेले, कानही गेले. पुढे काही वर्षे तिच्याजवळ शब्द नव्हता. ऋतू मात्र होता. कुंपणाची झुडपे चाचपीत ती बागेत जाई आणि वासाच्या मागाने व्हायोलेटची, लिलीची पहिली फुले हुडकून काढी.

१८८७ च्या मार्चमध्ये ॲन सलिव्हन ही शिक्षिका आली आणि तिने तळहातात बोटांनी अक्षरे काढून शब्द शिकविले. एकदा हेलनला चेरीच्या झाडावर बसवून बाई जेवण आणायला घरी गेल्या. एकाएकी उन्हाची ऊब गेली आणि जमिनीतून एक वास वर आला. वादळ येणार, हे पोरीने तत्क्षणी ओळखले.

यात चमत्कार नाही. कोरड्या जमिनीत मुरलेली वनस्पतींची तेले आणि मातीतले सूक्ष्म जंतू तयार करतात तो जिओस्मिन नावाचा पदार्थ, यांचा तो वास. थेंब मातीवर आपटला की बारीक तुषारांबरोबर तो हवेत उडतो. पाऊस दूर पडत असला तरी वारा त्याला पुढे घेऊन येतो. १९६४ साली ऑस्ट्रेलियातील दोन शास्त्रज्ञांनी या वासाला ‘पेट्रिकोर’ असे नाव दिले. आमचा शेतकरी नाव घेत बसत नाही. ‘पाऊस आला’ म्हणतो आणि वाळवण उचलतो.

त्या वादळाने हेलन इतकी भ्याली की बरेच दिवस झाडावर चढेना. ती भीती मोडली तीही वासानेच. वसंतातल्या एका सकाळी ती बागेतल्या मंडपात एकटी वाचीत होती. मिमोसाच्या फुलांचा दरवळ आला. (तिकडचे हे झाड आपल्या शिरीषाच्या गोतातले.) ती उठली, वासाच्या रोखाने गेली आणि झाडावर चढून बसली.

नाक आपल्यालाही तेच आहे. डोळे चालतात म्हणून आपण त्याला कामावर घेत नाही, इतकेच.

हीच हेलन १९०९ साली समाजवादी पक्षात गेली. कारखाने आणि गरिबांच्या वस्त्या ती हिंडली, आणि जे दिसत नव्हते ते नाकाने कळले, असे तिने सांगितले. ते वाचताना मला आमची चाळ आठवली.

चाळीत एक आंधळा मुलगा होता. पडेल, लागेल म्हणून त्याला खोलीतच बसवीत. काळजी मायेचीच, पण खिडकी गटारावर. चैत्रात रस्त्यापलीकडचा कडुलिंब फुलला तेव्हा एका संध्याकाळी मी त्याला तिथवर नेले. बुंध्याला हात लावून तो बराच वेळ उभा राहिला. मग म्हणाला, “दादा, हे इथं रोज असतं?”

त्यानंतर मी त्याला दोनदाच नेले. युनियनच्या सभा होत्या.