नोकरी सोडून शेतीत यावे काय? आधी हिशेब, मग निर्णय



'उत्तम शेती, मध्यम व्यापार, कनिष्ठ चाकरी' ही म्हण आपण लहानपणापासून ऐकत आलो. आज मात्र सोयरीक जुळवायला बसलं की हीच म्हण उलटी वाचली जाते. मुलगा काय करतो, पगार किती, हा पहिला प्रश्न. वावर किती, हा दुसरा. असे असूनही चाकण, भोसरी, मुंबईकडे आठ-दहा वर्षे काढलेली आपली मुले दिवाळीला घरी आली की एखादा म्हणतोच, "आता बास झालं. नोकरी सोडतो आणि शेती बघतो."

मग घरात दोन तट पडतात. आई म्हणते येऊ दे. वडील म्हणतात, "हातचं सोडून पळत्याच्या पाठी कशाला?" दोघांचंही म्हणणं खोटं नसतं. पण हा प्रश्न मायेने सुटत नाही आणि रागाने तर नाहीच नाही. तो कागद-पेन्सिल घेऊन सोडवावा लागतो. कोणी यावे व कोणी येऊ नये हे सांगण्याचा या लेखाचा उद्देश नाही. निर्णय घेण्याअगोदर काय मोजावे आणि वेळ कोणती धरावी, एवढेच येथे सांगायचे आहे.

येणे वेगळे, यावे लागणे वेगळे

१८ जानेवारी १९८२ रोजी मुंबईच्या कापड गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात होते. सातारा, सांगली, कोल्हापूर आणि कोकणातले हजारो गिरणी कामगार त्या काळात गावी परतले. पुष्कळांची नोकरी पुन्हा उभी राहिली नाही. हातात शिल्लक नाही, शेतीचा सराव सुटलेला, भावकीत जमिनीची वाटणी झालेली, अशा अवस्थेत त्यांना वावरात उतरावे लागले. ज्यांची गावाकडे थोडीफार बागायत होती त्यांना निदान टेकण्यापुरता आधार मिळाला.

त्यातून घ्यायचा धडा असा की धंदा बदलायचा तर तो आपल्या सवडीने बदलावा. पगार चालू आहे, अंगात ताकद आहे, घरचे सोबत आहेत, तेव्हाच हा विचार करावा. साहेबाशी भांडण झालं म्हणून राजीनामा फेकणारा आगीतून फुफाट्यात पडतो. साहेब बदलतो, नोकरीही बदलता येते. त्यासाठी शेतीच धरली पाहिजे असे नाही.

मोजायचे ते 'वाढीव'

बहुतेक घरांत हिशेब येथेच चुकतो. आपली चार एकर बागायत आहे, तिचे एवढे उत्पन्न येते, मुलाच्या पगारापेक्षा ते जास्त आहे, तेव्हा त्याने यावे, असे मांडले जाते. पण ते उत्पन्न मुलगा पुण्यात असतानाही येतच होते! ते वडिलांच्या कष्टाचे आहे. मुलगा आल्याने त्यात भर किती पडेल, तेवढेच त्याच्या नावावर धरावे.

एक उदाहरण घेऊ. आकडे समजण्यासाठी आहेत; आपले आकडे आपण घालावेत.

समजा चार एकर आडसाली ऊस आहे आणि एकरी ४० टन पडतो. मुलाने लक्ष घालून बेणे बदलले, ठिबक नीट चालवले, खताचे हप्ते वेळेवर दिले आणि एकरी ५२ टन काढले. वाढ झाली ४८ टन. तोडणी-वाहतूक वजा जाता टनाला ३,००० रुपये हातात आले तर १,४४,००० रुपये झाले. त्यासाठी जादा खर्च ४४,००० धरला तर निव्वळ वाढ एक लाखाची. ती १८ महिन्यांत वाटली तर महिन्याला साडेपाच हजार. गड्याची मजुरी वाचली ती दोन हजार धरा. झाले साडेसात हजार. घरी आला म्हणून त्याचे खाणे-पिणे, मोबाईल, पेट्रोल फुकट होत नाही. त्याचे चार हजार वजा करा. उरले साडेतीन हजार.

आता नोकरीकडे पाहू. हातात येतात २४,०००. खोलीभाडे, खानावळ, जाणे-येणे यांत १३,००० गेले. शिल्लक ११,०००, ती तो घरी पाठवतो.

म्हणजे निव्वळ उसावर आला तर घर महिन्याला साडेसात हजारांनी मागे पडते. ही तूट भरून काढणारा जोडधंदा असेल तर यावे: दोन चांगल्या गाई, एक डोळा रोपांची रोपवाटिका, आडसालीत भुईमूग वा सोयाबीनचे आंतरपीक, ट्रॅक्टरची भाड्याची कामे. तशी तयारी नसेल तर थांबावे. उलट जेथे वडील थकले आहेत, ऊस एकरी पंचवीस टनांवर आला आहे आणि वावर पडीक पडायची वेळ आली आहे, तेथे मुलगा आल्याची भर फार मोठी असते. तेथे हाच हिशेब त्याच्या बाजूने बोलेल.

उसाचे घड्याळ वेगळे

नोकरीत महिना संपला की पगार. उसाला ते माहीत नाही. आडसालीची लागण जुलै-ऑगस्टमध्ये, तोड १६ ते १८ महिन्यांनी. पूर्वहंगामी ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये लावला तर १४-१५ महिने. सुरू हंगामाला साधारण वर्ष, खोडव्याला ११-१२ महिने. त्यापुढे तोड येईपर्यंतचा काळ. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशाने बिलासाठी घालून दिलेली मुदत १४ दिवसांची आहे, पण ती ऊस कारखान्यावर आल्यानंतर मोजायची.

म्हणजे ज्याने जून २०२६ मध्ये नोकरी सोडून जुलैत आडसाली लावली, त्याच्या स्वतःच्या कष्टाचा पहिला पैसा २०२७ ची दिवाळी उलटल्यावर दिसणार. तोवर घराने काय करायचे?

वरच्याच उदाहरणात पाहू. महिन्याचे ११,००० बंद झाले, त्याचा घरखर्च ४,००० वाढला, मजुरीचे २,००० वाचले. महिन्याला १३,००० चा खड्डा. अठरा महिन्यांचे झाले २,३४,०००. त्यात पिकाचा जादा खर्च ४४,०००. एकूण २,७८,००० रुपये. एवढी रक्कम शिल्लक असल्याशिवाय उडी घेऊ नये. ही रक्कम सोसायटीच्या पीककर्जातून काढू म्हणाल तर ते कर्ज पिकासाठी आहे, किराण्यासाठी नव्हे. किराण्यात गेलेले पीककर्ज पुढच्या हंगामाच्या बिलातून वळते होते आणि माणूस दर वर्षी एक पाऊल मागेच राहतो.

म्हणून दोन युक्त्या लक्षात ठेवाव्यात. पहिली, सगळे रान एकाच हंगामात लावू नये; थोडी आडसाली, थोडी सुरू, थोडा खोडवा ठेवावा, म्हणजे दर वर्षी काहीतरी तोडीला येते. दुसरी, दुधासारखा धंदा आधी उभा करावा. दुधाचा पगार ठराविक दिवसांनी हातात येतो. उसाची वाट पाहण्याचे बळ त्यातून मिळते.

नोकरी सोडण्याआधी हे पाहा

खाजगी कारखान्यातली नोकरी असली तरी कायद्याने काही हक्क मिळतात. तारीख चुकली तर ते जातात.

ग्रॅच्युइटी: कायम कामगाराला सलग पाच वर्षे पूर्ण झाल्यावर ही मिळते. १९७२ च्या कायद्याची ही अट २१ नोव्हेंबर २०२५ पासून लागू झालेल्या सामाजिक सुरक्षा संहितेतही आहे. ठराविक मुदतीच्या करारावर असणाऱ्यास मात्र नव्या संहितेप्रमाणे एका वर्षानंतर हक्क मिळतो. हिशेब असा: शेवटचा मूळ पगार व महागाई भत्ता, त्याला १५ ने गुणून २६ ने भागावे आणि नोकरीच्या वर्षांनी गुणावे. १५,००० रुपये पगार व पाच वर्षे नोकरी असेल तर सुमारे ४३,२०० रुपये. सव्वाचार वर्षांवर राजीनामा देणाऱ्याने नऊ महिने कळ काढली तर ही रक्कम त्याची आहे. ठिबकच्या खर्चाला ती हातभार लावते.

प्रॉव्हिडंट फंड: नोकरी सुटली की पहिल्याच आठवड्यात पी. एफ. काढण्याची आपल्याकडे घाई असते. तशी सक्ती नाही. पाच वर्षांच्या आत मोठी रक्कम काढल्यास त्यावर कर कापला जातो. शिवाय १९९५ च्या पेन्शन योजनेत दहा वर्षांची नोकरी भरली तर वयाच्या ५८ व्या वर्षापासून पेन्शन मिळते. एका नोकरीतली वर्षे दुसरीत जोडली जातात, त्यासाठी यू. ए. एन. नंबर एकच ठेवावा. नऊ वर्षे झालेल्याने तर याचा विचार करूनच पाऊल उचलावे.

कागदपत्रे: अनुभवाचा दाखला, कार्यमुक्तीचे पत्र, शेवटच्या पगाराच्या पावत्या जपून ठेवाव्यात. दोन वर्षांनी शेती जमली नाही तर हेच कागद परतीची वाट उघडी ठेवतात. नोटिशीची मुदत पुरी करावी, भांडून निघू नये.

विमा व कर्ज: कंपनीचा गट विमा नोकरीबरोबर संपतो. कुटुंबाचा आरोग्य विमा नोकरी चालू असतानाच काढावा. गाडीचे, घराचे हप्ते चालू असतील तर ते आधी फेडावेत. पगाराची पावती गेली की बँकेच्या दारातला मानही बदलतो.

घरात बसून बोलायच्या गोष्टी

पैशाचा हिशेब जमला तरी घरातले बोलणे राहून जाते, आणि वाद नेमका तेथेच होतो. सातबारा वडिलांच्या नावावर, कारखान्याचा शेअर वडिलांच्या नावावर, उसाची नोंद त्यांची, बिलही त्यांच्याच खात्यावर. मुलाने पी. एफ. चे पैसे पाइपलाइनमध्ये घातले आणि पाच वर्षांनी धाकट्या भावाने निम्मी वाटणी मागितली तर? म्हणून कोणाचे पैसे कशात गेले, वाढीव उत्पन्नात कोणाचा वाटा किती, महिन्याला हातखर्चाला काय, हे सर्वांसमक्ष ठरवावे आणि वहीत लिहून सह्या कराव्यात. भावाभावांत लिहायचे कसले, असे म्हणू नये. लिहिलेले असले की भावपण टिकते.

सुनेचे मत आधी विचारावे, निर्णय झाल्यावर नव्हे. ती शहरात नोकरी करत असेल तर तिची नोकरी सुटल्याचाही हिशेब यात येतो. मुलांची शाळा आहे. आणि मुलगा लग्नाचा असेल तर सोयरिकीची अडचण खरी आहे, ती झाकून ठेवू नये. लग्न ठरविण्यापुरती नोकरी धरायची आणि अक्षता पडल्या की सोडायची, ही मुलीकडच्यांची फसवणूक आहे.

शेवटची गोष्ट वडीलधाऱ्यांसाठी. मुलगा आला तर त्याला कारभार द्यावा लागेल. निदान एक एकर त्याच्या मताने करू द्या. फक्त दारे धरायला त्याला बोलावणार असाल, तर त्याने पुण्यातच राहिलेले बरे.

उलट्या वाटेचाही विचार

१९७०-७१ च्या कृषी गणनेत महाराष्ट्रातील एका खातेदाराची सरासरी जमीन ४.२८ हेक्टर होती. २०१५-१६ मध्ये ती १.३४ हेक्टर राहिली. दोन एकरांवर तीन भाऊ राबत असतील तर एकाने बाहेर पडण्यात कमीपणा नाही. त्यालाही तोच नियम लावावा: तो गेल्याने शेतीचे उत्पन्न किती घटेल? फारसे घटत नसेल, तर त्याचे कष्ट तेथे वाया जात आहेत. त्याने आयटीआय करावे, वेल्डिंग, मोटार-वाइंडिंग, ट्रॅक्टर दुरुस्ती असे हुन्नर शिकावेत.

कारखान्यातील हंगामी कामगार बंधूंनीही ध्यानात घ्यावे की हंगामी नोकरीला ग्रॅच्युइटी दर हंगामाला सात दिवसांच्या वेतनाप्रमाणे धरली जाते. दुसरीकडे कायम जागा मिळत असेल तर दोन्ही बाजूंचा असाच हिशेब करावा.

वेळ कोणती?

ग्रॅच्युइटीची तारीख ओलांडली आहे, अठरा महिन्यांची शिल्लक हातात आहे, जोडधंदा आधीच सुरू झाला आहे आणि घरातली वही लिहून झाली आहे, अशा वेळी नोकरी सोडावी. महिना एप्रिल-मे धरावा, म्हणजे माती परीक्षण, शेणखत, नांगरट, बेण्याची सोय उरकून आडसालीला हात घालता येतो. त्याआधी एक वर्ष रजा साठवून लागणीला, भर लावायला आणि ऐन उन्हाळ्यात रात्रपाळीच्या विजेवर पाणी पाजायला घरी यावे. रात्री दोन वाजता दारे धरून दुसऱ्या रात्रीही जो हौसेने जातो, त्याच्याबद्दल घराने निर्धास्त असावे.

चारपैकी एखादी गोष्ट अपुरी असेल तर नोकरी टिकवून ती पुरी करावी. वर्षभर थांबल्याने जमीन कोठे जात नाही. ज्यांच्या घरात हा विषय निघाला आहे त्यांनी येत्या सुटीत मुलाला समोर बसवून वरील हिशेब आपल्या आकड्यांनी मांडावा. उत्तर 'ये' असो वा 'थांब' असो, ते बाप-लेकाने मिळून काढलेले असावे.