उसन्या ढालीची किंमत

दोन राज्ये लढू लागली म्हणजे इतिहासकाराचे सारे लक्ष त्या दोघांवर खिळते. किती तोफा होत्या, कोण पडले, कोणी किल्ला घेतला, हे तो बारकाईने नोंदवतो. त्या लढाईचा धूर पाहून शेजारच्या घरात जो दाराची कडी चाचपत बसलेला असतो, त्याच्याकडे सहसा कोणी पाहत नाही. वास्तविक युद्धाचा टिकाऊ परिणाम पुष्कळदा त्याच घरात घडतो. तो नवा मित्र शोधतो, जुना टाकतो, पहारेकरी भाड्याने आणतो. आणि एक दिवस पहारेकरीच ओसरीवरून माजघरात शिरतो.

मी मराठीचा अध्यापक. इतिहास हा काही माझा विषय नव्हे. परंतु विद्यार्थ्यांना बखरी आणि जुने कागद शिकवताना तह, सलूख, कौल, तैनात हे शब्द वारंवार भेटतात, आणि प्रत्येकामागे कोणाची तरी उडालेली झोप दिसते. शिवाय मी राहतो घणसोली गावात. येथे खाडीच्या काठी उभे राहिले की समोर साष्टी, उजव्या हाताला वर ठाणे आणि डाव्या हाताला खाली बेलापूर. ज्या युद्धाबद्दल मला लिहायचे आहे ते या तीन नावांच्या आसपासच घडले. ते म्हणजे वसईचे युद्ध.

आधी थोडे मागे जाऊ. १६४० साली पोर्तुगालने स्पेनच्या राजाचे जू झुगारले. त्या लहानशा राज्याला युरोपात स्पेनची आणि पूर्वेकडे डचांची धास्ती. म्हणून १६६१ साली त्याने आपली राजकन्या कॅथरिन इंग्लंडचा राजा दुसरा चार्ल्स याला देऊ केली आणि आंदणात मुंबई दिली. आंदणाची गोष्ट शाळेतल्या पोरालाही ठाऊक असते. पण त्या करारात एक गुप्त कलम होते, ते फारसे कोणी सांगत नाही. पोर्तुगीजांच्या हिंदुस्थानातील ठाण्यांचे डचांपासून रक्षण इंग्लंडने करावे, असा त्याचा आशय. म्हणजे मुंबई ही नुसती लग्नातली भेट नव्हती, ती राखणदाराला दिलेली आगाऊ मजुरी होती. पुढे १६६३ साली डचांनी कोचीन घेतलेच, आणि १६६८ साली चार्ल्सने हे बेट वर्षाला दहा पौंड भाड्याने कंपनीला देऊन टाकले. राखण राजाने कबूल केलेली. बेट मात्र आता व्यापाऱ्याच्या हाती!

आता मूळ विषयाकडे वळू. १७३३ साली पहिल्या बाजीरावाने जंजिऱ्याच्या सिद्दीवर मोहीम काढली. रायगड मराठ्यांकडे परत आला. सिद्दीने त्याच वर्षी मुंबईकर इंग्रजांशी सख्य जोडले. इंग्रजांना सिद्दीचा कळवळा होता असे मुळीच नव्हे. जंजिरा पडला तर मराठ्यांचे आणि आंग्र्यांचे आरमार मोकळे होईल व मुंबईच्या दारात येईल, एवढाच त्यांचा हिशेब. १७३६ च्या एप्रिलात चिमाजी अप्पांनी सिद्दी सातला रणात मारले आणि सिद्दीला तह करावा लागला. जंजिरा उरला, दरारा मात्र ओसरला.

पुढच्याच वर्षी, १७३७ च्या मार्चअखेरीस, मराठे साष्टीत उतरले. ठाण्याचा किल्ला हाती आला. धर्माच्या जाचाने गांजलेल्या अंजूरच्या नाईकांसारख्या स्थानिक मंडळींनी या मोहिमेसाठी कितीतरी वर्षे खटपट केली होती. १७३९ च्या आरंभी माहीम, केळवे, तारापूर पडले. त्याच सुमारास व्यंकटराव घोरपडे गोव्याच्या साष्टीत, मडगावाकडे घुसले, त्यामुळे गोव्याहून वसईला कुमक निघणे अवघड झाले. मे महिन्यात वसईने शरणागती पत्करली. चिमाजी अप्पांनी किल्ल्यातील लोकांना सन्मानाने बाहेर जाऊ दिले. पोर्तुगीजांची सुमारे दोनशे वर्षांची उत्तरेकडील सत्ता संपली. दमण-दीव तेवढे उरले.

हा झाला विजयाचा भाग. तो आपण अभिमानाने सांगतो आणि सांगावाच. पण शेजारी काय करीत होते?

वसईच्या कप्तानाने मुंबईकडे मदत मागितली. इंग्रजांनी थोडा दारूगोळा दिला आणि पंधरा हजार रुपये कर्ज दिले, तेही चर्चमधील चांदी आणि पितळी तोफा तारण घेऊन! १६६१ चे कलम डचांविरुद्ध होते. मराठ्यांचे नाव त्यात कोठे होते? वकिलाच्या दृष्टीने इंग्रजांचे बरोबर होते. ज्याने आंदण दिले त्याच्या दृष्टीने काय होते, ते वाचकांनीच ठरवावे.

वसई पडताच मुंबईला कापरे भरले. शहराच्या कोटाभोवती खंदक खणण्यासाठी व्यापाऱ्यांनी तीस हजार रुपयांची वर्गणी जमवली. वांद्र्याचा पोर्तुगीज कोट मराठ्यांच्या हाती लागून माहीमवर तोफा वळू नयेत म्हणून पाडला गेला. आणि याच भीतीच्या दिवसांत इंग्रजांनी दोन वकील दोन दिशांना पाठविले. कॅप्टन इंचबर्ड वसईला चिमाजी अप्पांकडे गेला आणि जुलै १७३९ मध्ये पेशव्यांच्या मुलुखात खुल्या व्यापाराचा तह करून आला. कॅप्टन गॉर्डन साताऱ्यास शाहू छत्रपतींकडे गेला. नजराणा, गोड पत्र हे वर. आत सूचना अशी की दरबारात बाजीरावाविरुद्ध कोण कोण आहेत याचा कानोसा घ्यावा. एका हाताने सलाम आणि दुसऱ्याने घराच्या भिंतीतील भेगा मोजणे, ही कला त्यांना तेव्हापासूनच साधली होती.

भेगा तर होत्याच. कान्होजी आंग्र्यांच्या मुलांत, संभाजी आणि मानाजी यांच्यात, वैर होते. मानाजी कुलाब्यास, संभाजी दक्षिणेकडे. १७४० साली संभाजी कुलाब्यावर चालून आला तेव्हा मानाजीने एकाच वेळी पेशव्यांना आणि इंग्रजांना हाक मारली. दोघेही आले. भावापासून वाचण्यासाठी मानाजीने ज्यांना दारात बोलावले, त्यांना पुन्हा बाहेर घालवणे त्याच्या हाती उरले नाही. पुढे संभाजीचा भाऊ तुळाजी डोईजड झाला, तेव्हा नानासाहेब पेशव्यांनी १७५५ साली इंग्रजांशी करार केला. सुवर्णदुर्ग पडला, १७५६ च्या फेब्रुवारीत वॉटसन आणि क्लाइव्ह यांनी विजयदुर्ग घेतला आणि आंग्र्यांचे आरमार तेथेच जळून गेले. मराठी राज्याचे आरमार मराठी राज्याच्या प्रधानाने परक्याच्या हातून जाळविले! तुळाजी आज्ञेत नव्हता हे खरेच. पण लाथा मारणाऱ्या बैलाला वेसण घालण्याऐवजी गोठाच पेटवून द्यावा, तशातला हा प्रकार.

त्याचे फळ मिळायला फार वेळ लागला नाही. १७७४ च्या डिसेंबरअखेर इंग्रजांनी ठाणे घेतले. त्याला कोकणकिनाऱ्यावर अडवू शकेल असे आरमार आता कोठे होते? राघोबादादांनी गादीच्या लोभाने १७७५ साली सुरतेला तह केला, आणि पुढे पहिले इंग्रज-मराठे युद्ध झाले. १७८२ च्या सालबाईच्या तहात वसई परत आली, साष्टी मात्र आली नाही. म्हणजे चिमाजी अप्पांनी ज्या साष्टीसाठी माणसे वेचली, ती सदतीस वर्षांत गेली आणि आमच्या खाडीच्या समोरच्या काठावर कायमचे निराळे निशाण लागले. या काठावरचा आगरी मीठ पिकवीत होता, कोळी जाळे टाकीत होता. खाडीला भरती-ओहोटी पूर्वीचीच.

शेवटचा अंक तर वसईलाच झाला. ऑक्टोबर १८०२ मध्ये हडपसरला यशवंतराव होळकरांनी पेशवे व शिंदे यांच्या फौजेचा पराभव केला. दुसरा बाजीराव पळाला तो इंग्रजी जहाजातून वसईस आला आणि ३१ डिसेंबर १८०२ रोजी त्याने तहावर सही केली. सहा हजार पायदळ त्याच्या रक्षणास राहील, खर्चाला सव्वीस लाखांचा मुलूख तोडून द्यावा, आणि इंग्रजांना विचारल्यावाचून दुसऱ्या कोणत्याही सत्तेशी बोलणे करू नये. या फौजेला आपण तैनाती फौज म्हणतो. तैनात म्हणजे चाकरीस नेमलेला. कागदावर फौज पेशव्यांच्या तैनातीत होती. कोण कोणाच्या तैनातीत आहे हे १८१८ सालापर्यंत सर्वांना कळून चुकले.

हा सारा जुना इतिहास आज कशाला, असे कोणी म्हणेल. पण आखातातील राजेशाह्यांकडे पाहा. इराण-इराक युद्ध पेटले असताना १९८१ साली सहा राज्यांनी आपली सहकार्य परिषद स्थापली. १९९० च्या ऑगस्टमध्ये कुवेत गिळले गेले तेव्हा त्या परिषदेने ते वाचले नाही; सौदी राजाने अमेरिकी फौज बोलावली. पुढे कतारने अल-उदैदचा मोठा तळ अमेरिकेला दिला. २०१९ साली सौदी तेलकेंद्रांवर हल्ला झाला आणि राखणदार तेव्हा जेमतेम हलला. मग २०२३ च्या मार्चमध्ये सौदीने चीनच्या मध्यस्थीने इराणशी संबंध पुन्हा जोडले. जून २०२५ मध्ये इराणची क्षेपणास्त्रे अल-उदैदवर सुटली. सप्टेंबरात इस्रायलने दोहावर बाँब टाकले. आणि आठ दिवसांत सौदीने पाकिस्तानशी परस्पर संरक्षणाचा करार केला. एका दाराची खात्री वाटेना म्हणून दुसरे, तिसरे दार ठोठावणे: मानाजी आंग्र्यांना हे चांगले समजले असते.

हा प्रश्न दूरचा नाही. आखातात राबणाऱ्या भारतीयांची संख्या नव्वद लाखांच्या आसपास धरतात. आमच्या आळीतल्या एका काकूंचा मुलगा दोह्याला वातानुकूलनाच्या यंत्रांची कामे करतो. जूनमधल्या त्या रात्री कतारचे आकाश विमानांना बंद झाले आणि मुलाचा फोन काही वेळ लागेना. दुसऱ्या दिवशी काकूंनी मला विचारले, “सर, तो तळ तिथे राखणीसाठीच आहे ना? मग मारा नेमका त्याच्यावरच कसा झाला?” राज्यशास्त्राच्या कोणत्याही पुस्तकात हा प्रश्न यापेक्षा नेमका विचारलेला मी वाचलेला नाही. मी एवढेच म्हणालो, “काकू, राखणदाराचे वैरी असतात ना, ते त्याच्याबरोबर आपल्या अंगणात येतात.”

तुलना फार ताणू नये. आजच्या आखाती राज्यांकडे तेल आहे, पैसा आहे, चार मित्रांना एकमेकांशी तोलून धरण्याची सोय आहे; दुसऱ्या बाजीरावाकडे यातले काही नव्हते. आणि लहान राज्याने मित्र करूच नयेत असेही कोणी शहाणा म्हणणार नाही. सिद्दी, मानाजी, पोर्तुगीज कप्तान यांपैकी कोणी मूर्ख नव्हता. प्रत्येकाने त्या त्या दिवशी मृत्यू टाळला. फक्त प्रत्येकाने तह करताना एकच प्रश्न विचारला: आज मला कोण वाचवील? उद्या याचे आणि माझे हित वेगळे झाले तर काय, हा दुसरा प्रश्न राहून गेला. शिवाय घरातले भांडण घरात मिटले असते तर पुष्कळांना पहिलाही प्रश्न विचारावा लागला नसता. शिवछत्रपतींनी आरमार उभारले ते, माझ्या मते, याच दोन्ही प्रश्नांचे उत्तर म्हणून. ते उत्तर आपण विजयदुर्गच्या बंदरात जळू दिले.

वसईचा विजय आपल्या मुलांना शिकवावा, जरूर शिकवावा. पण १७३९ चा धडा संपला की पुस्तक मिटू नये. त्याच गावाच्या नावाने १८०२ चा कागद पुढे आहे, आणि दोन्हींच्या मध्ये त्रेसष्ट वर्षे आहेत. एवढ्या अवधीत एक मोठे राज्य राखणारा होते ते राखलेला होऊन बसले. ढाल उसनी मिळते, पण ती धरणारा हात आपला नसला तर ती कोणत्या बाजूला वळेल हे ठरवणाराही दुसराच असतो.